पट्ट्यातलं पोट

खालच्या पट्ट्यातून आलेल्या माणसाचं पोट बिघडलं, की वर शहरातल्या मोठ्या रुग्णालयात त्याचं निदान आधीच तयार असायचं. इतकं तयार, की त्याचा रबरी शिक्काच करून ठेवला होता. तळघरातल्या पॅथॉलॉजीच्या खोलीत, मोठ्या सरांच्या टेबलाच्या वरच्या खणात, जांभळ्या शाईच्या डबीशेजारी तो असे. ‘प्रादेशिक बदल. विशेष आजार नाही.’ दुर्बीणवाले डॉक्टर वरच्या मजल्यावर रुग्णाच्या तोंडातून दुर्बीण घालत, आतड्याचे तांदळाच्या दाण्याएवढे तुकडे काढून खाली पाठवत. खाली ते मेणात बसवायचे, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ कापायचे, रंगवायचे आणि काचेवर चढवायचे. पत्ता पट्ट्यातला दिसला, की सर भिंगातून एक नजर टाकत आणि खण उघडत.

यात सरांची काही दुष्टाई होती असं मुळीच नाही. पट्टा सखल, पाणी तुंबतं, आणि प्यायलाही तेच. लहानपणापासून पोटात जंतूंची ये-जा. त्यामुळे तिथल्या धडधाकट माणसाच्याही आतड्यातली मखमलीसारखी लव थोडी झिजलेली असते आणि सुजेच्या पेशींची गर्दी असते. हे सरांनीच तरुणपणी शोधून काढलं होतं. नसत्या औषधांच्या माऱ्यातून पट्ट्यातली कितीतरी माणसं त्यांच्यामुळे सुटली होती. शिक्का खरा होता. बहुतेक वेळा खरा होता, आणि घोळ नेमका तिथेच होता.

त्या खोलीत दुसऱ्या भिंगावर मौनीताई बसत. हे नाव तंत्रज्ञाने ठेवलं आणि सगळ्या रुग्णालयाने उचललं. कारण एवढंच, की ताईंचा एक नेम होता: सकाळी आल्यावर दिवसाची पहिली स्लाइड पूर्ण बघून होईपर्यंत कोणाशी अवाक्षर बोलायचं नाही. काचेवर कोणाचातरी जीव ठेवलेला असतो, त्याच्याशी आधी बोलावं, माणसांशी मग, असं त्यांना वाटे. तसंही त्यांचा आवाज एवढा हळू, की नेम सुटल्यावरही फारसा फरक पडत नसे. ताई स्वतः पट्ट्यातल्या. नोकरीवर रुजू झाल्या त्या दिवशी सर हसत म्हणाले होते, “या, या. पट्ट्यातून आजवर पोटंच येत होती, आज डोकं आलं.” सगळे हसले. ताईही हसल्या होत्या. पण ते वाक्य पायात मोडलेल्या काट्यासारखं आतच राहून गेलं होतं.

त्या दिवशी ताईंनी नुकता भिंगाचा दिवा लावला होता. तेवढ्यात दार धाडकन उघडलं.

“शिक्का मारतं कोण इथे?”

दारात एक बाई उभी होती. अंगावर मूठभर मांस नाही, पण आवाज भरलेला. मागे दुसरी, चांगली गोल गरगरीत, तिचा पदर ओढत होती. “वहिनी, चला ना. हाकलून देतील.”

“देऊ द्यात की, वन्सं. हाकलायला आधी ओळखावं तर लागेल.”

तंत्रज्ञ पुढे धावला. “अहो बाई, पेशंटनी खाली यायचं नसतं!”

“मी कुठे आले? माझे तुकडे आलेत. एकदा आले, शिक्का. दुसऱ्यांदा आले, शिक्का. परवा तिसऱ्यांदा पाठवलेत. म्हटलं, जातं तरी कुठे सगळं ते बघून यावं. थोडं थोडं करून मीच सगळी खाली यायची एक दिवस.”

ती शिवणाचे वर्ग चालवायची. मुलींना काजं-बटणांपासून कोटापर्यंत शिकवायची, म्हणून सगळे तिला शिवणबाई म्हणत. हे ती बोलता बोलता सांगून मोकळी झाली. जुलाब थांबत नव्हते, खाल्लेलं अंगी लागत नव्हतं, वर्ग अर्ध्यावर सोडून पळावं लागत होतं. घरातले म्हणत होते मनाचं आहे. नणंदेचं म्हणणं, वहिनीला पहिल्यापासूनच काहीतरी लागतं मिरवायला.

“मी असं म्हटलं नव्हतं हं,” नणंद म्हणाली.

“म्हटलं नव्हतं, पण तोंड तसं केलं होतं.”

मग शिवणबाई ताईंकडे वळली. ताई तिच्याकडे बघत होत्या, पण ओठ मिटलेले. पहिली स्लाइड अजून ट्रेमध्येच होती. तंत्रज्ञ खुणा करून सांगायचा प्रयत्न करत होता, पण तिची पाठ होती त्याच्याकडे.

“काय हो ताई, तोंडावर पण शिक्का मारून घेतलाय का?”

तंत्रज्ञाने कपाळाला हात लावला. शिवणबाईने पिशवीतून काहीतरी काढून टेबलावर ठेवलं. पितळेचं अंगुस्तान होतं ते, सुई टोचू नये म्हणून बोटाच्या टोकावर चढवायची ती टोपी. झिजून झिजून सोन्यासारखी झालेली.

“हे लग्नाआधीपासूनचं. झोपेतसुद्धा बोटात जायचं. आता बघा.” तिने ते मधल्या बोटावर चढवायचा प्रयत्न केला. टोकावरच अडलं. “अंग वाळून चिपाड झालंय. शिवणी आत घेऊन घेऊन ब्लाउजचं कापड संपलं. आणि बोटं मात्र फुगतायत! पोट पट्ट्यातलं म्हणता, मान्य. मग बोटं कुठली?”

ताईंनी तिचा हात हातात घेतला. बोटांची टोकं ढोलाच्या टिपरीसारखी गोल झाली होती, नखं पोपटाच्या चोचीसारखी वाकलेली. एक बोट, दुसरं, तिसरं. सगळीच.

“बसा,” ताई म्हणाल्या.

तंत्रज्ञाच्या हातातला चिमटा खाली पडला. एवढ्या वर्षांत पहिल्या स्लाइडआधी आलेला हा पहिला शब्द.

“बसा,” ताई पुन्हा म्हणाल्या, आणि ट्रेमधून शिवणबाईची स्लाइड शोधून भिंगाखाली घेतली.

लव सपाट झाली होती. तेवढं पट्ट्यात चालतं. पण खाली पेशींची गर्दी नव्हती, भिंत होती. एकीला एक खेटून सगळ्या सारख्या. केंद्रक घड्याळाच्या तबकडीसारखं, एका कडेला सरकलेलं. जत्रेच्या गर्दीत म्हातारे असतात, पोरं असतात, भांडणारे असतात. इथे सगळे एकाच आईच्या पोटचे दिसत होते, आणि ती कर्करोगाची खूण.

सर आले तेव्हा शिवणबाई आणि नणंद स्टुलांवर बसल्या होत्या. सरांनी भुवया उंचावल्या. ताईंनी दोघींना बाहेर थांबायला सांगितलं आणि सरांना भिंगाशी बोलावलं.

“लिम्फोमा वाटतोय, सर. लहान आतड्याचा.”

सरांनी डोळा लावला, काढला. “अहो, लिम्फोमा पोटात झाला तर जठरात होतो. आतड्यात क्वचित. पुस्तक काढून बघा.”

“पुस्तक जिथे लिहिलं तिथल्या लोकांचं जठर आजारी पडतं, सर. तिथला जंतू जठरात राहतो. आपल्या पट्ट्यातला जंतू आतड्याला डिवचत राहतो, वर्षानुवर्षं. गाठ तिथेच धरणार ना?”

“पट्ट्यातलं आतडं असंच दिसतं. हे मी तुम्हाला शिकवलंय.”

“तुम्हीच शिकवलंत. म्हणूनच वेगळं दिसलं ते ओळखू आलं.”

सर खण उघडणार होते. ताईंनी ट्रे उचलून आपल्या बाजूला घेतली. हळूच, आदरानेच, पण घेतली.

“खास रंग लावून बघते. तोवर शिक्का नको.”

खास रंगाचं गणित सोपं होतं. सुजेच्या या पेशी एक प्रथिन तयार करतात. त्याला एक जड भाग असतो, एक हलका. हलक्याच्या दोन जाती. नुसती सूज असेल तर दोन्ही जातींच्या पेशी मिसळलेल्या सापडतात. एकाच पेशीपासून वाढलेलं पीक असेल तर एकच जात सापडते. ताईंनी दोन्ही जातींसाठी रंग लावायला सांगितले. दुसऱ्या दिवशी दोन्ही स्लाइड आल्या, आणि दोन्ही कोऱ्या. निळसर पार्श्वभूमीवर तपकिरी ठिपका म्हणून नाही.

“फसला रंग,” सर म्हणाले. त्यांच्या आवाजात सुटका होती. “आता सोडा हट्ट.”

तंत्रज्ञ हिरमुसला. रंग फसणं म्हणजे त्याची इभ्रत. पण त्या खोलीची एक रीत होती: रंग लागतोय की नाही हे कळावं म्हणून प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात टॉन्सिलचा एक कापही चढवायचा. ताईंनी स्लाइड सरकवून कोपऱ्यावर आणली. टॉन्सिलमधल्या पेशी दोन्ही रंगांत झकास तपकिरी होत्या.

“रंग फसलेला नाही, सर. आतड्यातल्या पेशींना हलका भागच नाही. नुसता जड भाग बनवतायत.”

“असं कुठे असतं?”

“या एका आजारात असतं.”

जड भागाचा रंग लावायला हवा होता. पोटाच्या टेबलावर तो नव्हता. लागलाच नव्हता कधी. पट्ट्याच्या पोटांना शिक्का पुरत होता. किडनीच्या टेबलावर मात्र तो रोज लागायचा. ताई उठून पलीकडे गेल्या आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंकडे रंग मागितला, शेजारणीकडे विरजण मागावं तसा.

“पोटासाठी?” त्या म्हणाल्या. “सर काय म्हणतात?”

“नको म्हणतात.”

“मग थोडा जास्तच घेऊन जा.”

जड भागाचा रंग चढला तो असा, की स्लाइड नुसत्या डोळ्यांनीही तपकिरी दिसत होती. ताई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. आधीचे दोन शिक्के बसलेल्या तुकड्यांचे मेणाचे ब्लॉक कपाटातून काढले आणि त्यांनाही तेच तिन्ही रंग लावले. कोरं, कोरं, तपकिरी. आजार पहिल्या शिक्क्याखालीही होताच. दबा धरून बसला होता. त्यातली एकच गोष्ट देवाची कृपा म्हणावी अशी: पेशींचा चेहरा अजून बिघडला नव्हता. या पायरीवर हा लिम्फोमा जंतू मारायच्या साध्या गोळ्यांनी उतरू शकतो. आतड्याला डिवचणारा जंतू गेला की त्याचं खतपाणीच तुटतं. एक पायरी पुढे गेला, की तो मोठ्या औषधांनाही भीक घालत नाही.

सरांनी तिन्ही ट्रे पाहिल्या. बराच वेळ पाहिल्या. मग चष्मा पुसत म्हणाले, “असं करू. ‘संशयास्पद’ लिहू. सहा महिन्यांनी पुन्हा तुकडा मागवू.”

“सहा महिन्यांत ती पायरी ओलांडेल, सर.”

“कर्करोगाचा शब्द लिहायचा तर दोन सह्या लागतात. मी सही करणार नाही. उद्या पट्ट्यातला प्रत्येकजण येऊन दारात बसेल, माझं पण बघा म्हणून. सगळं आयुष्य मी त्या लोकांची भीती घालवण्यात घातलंय, ताई. तुम्ही ती परत आणताय.”

हे ते मनापासून बोलले.

“भीती घालवलीत, सर. त्याबरोबर त्यांचं ऐकून घेणंही गेलं,” त्या म्हणाल्या. “आणि माझंही पोट पट्ट्यातलंच आहे. दुखलं तर मारणार का शिक्का?”

सरांनी खण जोरात बंद केला.

संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना ताईंच्या तीन काड्या वाया गेल्या. सासूबाई जपमाळ घेऊन बाजूलाच बसल्या होत्या. त्यांच्या नजरेतून सुटत नसे काही.

“नेम मोडलास म्हणे?”

“तुम्हाला कोणी सांगितलं, आई?”

“तुझ्या तंत्रज्ञाची आई देवळात भेटते मला. का मोडलास?”

ताईंनी सगळं सांगितलं. अंगुस्तान, कोऱ्या काचा, सही. नोकरीवर गदा येईल हेही सांगितलं. सासूबाईंनी चार मणी ओढले.

“मग? घाबरलीस?”

“घाबरलेय.”

“घाबर की. घाबरायला कुठे बंदी आहे? पण गप्प बसायचा नेम झाला आता पुष्कळ. देवाला मौन आवडतं, पण दुसऱ्याच्या जिवावरचं नाही आवडत. दुसरा नेम धर.”

“कोणता?”

“तोंडाचा नको. हाताचा धर.”

ताईंनी दिव्याची वात सारखी केली आणि मनात म्हटलं: त्या शिक्क्याला हात लावायचा नाही. आजपासून.

सकाळी त्यांनी अहवाल लिहिला. लहान आतड्याचा लिम्फोमा, सुरुवातीची पायरी. खाली एकच सही. दुसरीची जागा मोकळी. तो शिपायाकडे दिला असता तर सरांच्या टेबलावरूनच गेला असता, म्हणून स्वतः घेऊन जिना चढल्या. वर दुर्बीणवाले डॉक्टर पहिला पेशंट आत घेत होते.

“याच्यावर दुसरी सही नाही,” ताईंनी सुरुवातच तिथून केली. “सरांनी केली नाही. नियम मोडून आणलाय.”

डॉक्टरांनी अहवाल वाचला. पुन्हा वाचला. “तुम्ही बोलता?” ते म्हणाले. “मला वाटायचं तुम्हाला बोलता येत नाही.”

“वेळ पडली की येतं.”

ते हसले, मग गंभीर झाले. पेशंटला पाच मिनिटं थांबायला सांगून ताईंबरोबर खाली आले. सर जागेवरच होते. कोणी कोणाकडे बघितलं नाही. डॉक्टरांनी कोरी स्लाइड पाहिली, टॉन्सिलचा कोपरा पाहिला, तपकिरी स्लाइड पाहिली.

“मोठी औषधं द्यायची असती तर दोन सह्यांशिवाय मी हात लावला नसता,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “पण द्यायच्या आहेत जंतूंच्या गोळ्या. त्यांना दोन सह्या लागत नाहीत. एक पण लागत नाही, माझी चालते. स्कॅन करून घेतो, बाकी कुठे पसरलं नसेल तर आजच सुरू. तीन महिन्यांत नाही उतरलं तर मोठ्या औषधांचं बघू, आणि तेव्हा या सहीसाठी मी स्वतः भांडायला येईन.”

सरांनी पेनाचं टोपण लावलं. “जबाबदारी तुमची,” ते म्हणाले.

“माझीच,” ताई म्हणाल्या. एरवी पुढच्या टेबलापर्यंतही न पोहोचणारा तो आवाज त्या दिवशी किडनीच्या टेबलापर्यंत गेला, असं नंतर तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं.

ताईंना ताकीद मिळाली. अहवाल विभागप्रमुखांच्या संमतीशिवाय बाहेर नेल्याबद्दल. त्यांनी ती वाचली, घडी घातली, आणि पट्ट्यातला पुढचा तुकडा भिंगाखाली घेतला. शिक्क्याला हात लावला नाही. सरांनी लावला. मग एक वेगळीच गंमत सुरू झाली: सर शिक्का मारून ट्रे पुढे सरकवत, आणि ताई तीच ट्रे आपल्याकडे ओढून तिन्ही रंग लावायला देत. तंत्रज्ञ मध्ये सापडला. त्याने सुट्टी टाकायचा विचार केला, मग टॉन्सिलचे जास्तीचे काप काढून ठेवले. बहुतेक पोटं खरंच निव्वळ पट्ट्यातली निघत. तेवढ्या वेळा सर नुसते ताईंकडे बघत, आणि ताई मान हलवून म्हणत, “बरोबर होतं तुमचं, सर.” त्यात टोमणा नसे. त्यामुळेच ते सरांना जास्त लागे.

तीन महिन्यांनी शिवणबाई पुन्हा आली ती दार न आपटता. पण घोषणा तीच.

“शिक्का मारतं कोण इथे?”

“या,” ताई म्हणाल्या. पहिली स्लाइड अजून ट्रेमध्येच होती.

गालांवर थोडं काही दिसत होतं. वर्ग पूर्ण घेते म्हणाली. मुली वैतागल्यात, पूर्वी मध्येच सुटका व्हायची त्यांची. पिशवीतून तिने अंगुस्तान काढलं, मधल्या बोटावर चढवलं आणि दाबलं. अर्ध्यावर गेलं आणि अडकलं.

“अजून बसत नाही,” तिने सांगितलं, “पण आत शिरायला लागलंय. डॉक्टर म्हणतात बोटांना वेळ लागतो. लागू दे. मी पण काही कुठे जात नाही.”

ताईंनी तिचं बोट हातात धरून बघितलं. नखं अजून वाकडीच होती. पण मुळाशी एक सरळ, नवी, गुलाबी रेघ फुटत होती.

“वन्सं, या की पुढे,” शिवणबाई मागे वळून म्हणाली. “घरी एवढं तोंड चालतं, इथे काय झालं?”

नणंद दारातच उभी होती. मागच्या वेळची ती गोल गरगरीत बाई ओळखू येईना, एवढी वाळली होती. पदराची टोकं दोन्ही हातांत धरून ती चोळत होती. सरांकडे बघत, ताईंकडे बघत.

“माझ्यावर पण मारलाय,” ती हळूच म्हणाली. “मागच्या वर्षी. वहिनीला सांगितलं नव्हतं. म्हटलं, ती मिरवते, मी कशाला…”

शिवणबाईने चिडवलं नाही. तिने फक्त स्टूल पायाने पुढे सरकवलं.

ताई उठल्या आणि जुन्या ब्लॉकांचं कपाट उघडलं.

“ताई,” सर आपल्या खुर्चीतून म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, थकलेला होता. “एक एक करत मागचे सगळे काढणार आहात? किती वेळ जाईल याचा विचार केलाय?”

“केलाय, सर.” ताईंनी नणंदेचा ब्लॉक शोधून तंत्रज्ञाच्या हातात दिला आणि मग सरांकडे वळल्या. “म्हणून तर म्हणते, माझ्या भिंगाला डोळा लावायची जागा दोघांची आहे. एक रिकामीच असते.”

सर उठले नाहीत. खणही उघडला नाही. ताई थांबल्या नाहीत. नणंदेकडे बघून, सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या:

“बसा. तुमचं नीट बघू.”